साईड ए, साईड बी आणि प्रल्हाद शिंदे

आजी गेली २०१८च्या नोव्हेंबरात. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, झाडीपट्टीतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा सीझन सुरू झाला होता, आणि मी पुण्यात एका रिलीजच्या गडबडीत होतो. पुण्याहून नागपूर, नागपूरहून गडचिरोलीची एसटी, तिथून चामोर्शीची दुसरी एसटी... पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्या हातून करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

म्हणून असेल, पण पुण्यानुमोदनाच्या आदल्या संध्याकाळी मोठेबाबा (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आमच्याकडे त्यांना काका म्हणत नाहीत) मला म्हणाले, "बाबू, तू कंप्युटरवाला होय ना? उद्याच्या गाण्यांचं तू पाहून घे. बुढीले प्रल्हाद शिंदे लय आवडे. त्याचेच लाव धा-बारा."

(आमच्या भागात आईला मायेनं बुढी म्हणतात. रागावू नका.)

मला जरा हायसं वाटलं. एक पेनड्राइव्ह, बारा गाणी, अर्ध्या तासाचं काम. एका गायकाची ग्रेटेस्ट हिट्स काढायची, त्यात काय मोठं? तेवढ्यात दारापर्यंत गेलेले मोठेबाबा परत फिरले. "अन् हे पाय, देवाधर्माचं नको लावू. बाबासाहेबाचेच गाणे पाहिजे."

अर्ध्या तासाचं ते काम पहाटे चारला संपलं. का, ते सांगतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. म्हणजे १९५६पर्यंत.

चांदा, १६ ऑक्टोबर

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं. पण दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यालाही धम्मदीक्षा दिली, हे पुण्यातल्या माझ्या बऱ्याच मित्रांना ठाऊक नसतं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. चामोर्शी तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं; गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ला. चांद्याच्या त्या दिवसानंतर ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

आमचे आबाजी तेव्हा विशीतले. वस्तीतल्या लोकांबरोबर बैलगाडीनं चांद्याला गेले आणि २२ प्रतिज्ञा घेऊन परत आले. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही, राम-कृष्णाला मानणार नाही, गौरी-गणपतीला मानणार नाही, ह्या पहिल्या तीन. आल्यावर त्यांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि वैनगंगेत सोडले. आजी तेव्हा नवी नवरी होती. तिला कोणी विचारलं नसावं. तिनंही कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: चामोर्शीपासून थोड्याच अंतरावर वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जुनी दगडी देवळं आहेत. नदी तिथे उत्तरेकडे वळते, म्हणून जागा पवित्र. अंगभर शिल्पं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, 'विदर्भाची काशी' वगैरे. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. आबाजी '५६नंतर त्या जत्रेला एकदाही गेले नाहीत. आम्ही पोरं जायचो, पाळण्यासाठी आणि जिलबीसाठी. आणि तिथेच, कॅसेटवाल्याच्या भोंग्यावर, मी पहिल्यांदा प्रल्हाद शिंदे ऐकले. पुढे १४ एप्रिलला आमच्या वस्तीत मांडव पडला तेव्हा भोंग्यातून पुन्हा तोच आवाज आला. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला वाटलं, ह्या नावाचे दोन लोक असणार. एक देवाचे, एक बाबासाहेबांचे.

साठची कॅसेट

त्या रात्री आजीची लोखंडी पेटी उघडली तर तळाशी एक कॅसेट सापडली. दुकानातून भरून आणलेली. आजच्या पोरांना हे सांगावं लागेल: तेव्हा कोरी कॅसेट घ्यायची, कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानदाराला द्यायची, आणि तो दोन दिवसांनी 'भरून' द्यायचा. साठची कॅसेट म्हणजे ३० मिनिटं एका बाजूला, ३० दुसऱ्या. पाच-सहा मिनिटांचं गाणं धरलं तर एका बाजूला पाच किंवा सहा गाणी. सातवं गाणं मध्येच तुटायचं, आणि ते तुटलेलं गाणंच आपल्याला पाठ व्हायचं.

म्हणजे बघा, ग्रेटेस्ट हिट्सची यादी कंपनीनं नाही, गिऱ्हाइकानं ठरवायची.

ह्या कॅसेटच्या कव्हरवर बाबांच्या अक्षरात साईड एची यादी होती. सगळी भीमगीतं. साईड बीचा कागद कोरा. पण साईड बीला काय होतं ते मला पाठ होतं. आबाजी संध्याकाळी बाहेर पडले की आजी कॅसेट उलटी करायची, आणि आवाज अगदी बारीक करून लावायची. 'पाऊले चालती पंढरीची वाट'. मग 'आता तरी देवा मला पावशील का'. मग 'ऐका सत्यनारायणाची कथा', जे लागलं की ती स्वतःच हसायची, पण बंद मात्र करायची नाही. आबाजींच्या खाकरण्याचा आवाज आला की खट्ट. बटण बंद.

आबाजींना माहीत नव्हतं का? २००१ साली ते गेले, तोवर मी विचारायच्या वयाचा झालो नव्हतो. आता वाटतं, एवढ्याशा घरात काय लपणार होतं.

हा माणूस कोण होता

प्रल्हाद शिंदे जन्मले १९३३ला. शिंदे घराणं मंगळवेढ्याचं, सोलापूर जिल्ह्यातलं. घर दलित, गरीब, आणि गाणारं. शाळा, गुरू, गंडाबंधन असलं काही नाही. कीर्तन-भजनाच्या फडात कानावर पडलं ते शिक्षण. पुढे मुंबईत इस्माईल आझाद कव्वालांच्या मागे कोरसमध्ये गायले. हे इस्माईल आझाद म्हणजे १९५८च्या 'अल हिलाल' सिनेमातली 'हमें तो लूट लिया' गाणारे. त्या एका कव्वालीनं मुंबईतल्या गल्ल्यागल्ल्यांत कव्वाली पार्ट्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या कितीतरी दलित वस्त्यांमधल्या होत्या. जयंतीच्या रात्री दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, सवाल-जवाब व्हायचे, आणि विषय असायचा बुद्ध आणि भीम.

मला ह्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी. प्रल्हाद शिंदेंचं भक्तिगीत नीट ऐका. शब्द विठ्ठलाचे, टाळ वारीचा, पण गळा कव्वालाचा. ओळ सुरू होते तीच वरच्या पट्टीत, आवाज कुठेही गुळगुळीत केलेला नाही, शेवटच्या अक्षरावर एक खरखरीत ओढ, आणि मागून कोरस ती ओळ उचलून घेतो. मराठी भक्तिगीत रेडिओवर बसलं होतं ते शांत, सोज्वळ, देवघरात उदबत्तीशेजारी बसून ऐकायचं. ह्या माणसानं ते उठवून रस्त्यावर आणलं. हा गळा मागत नाही, हक्कानं हाक मारतो.

इथे अमेरिकेची आठवण येणं अटळ आहे. तिकडे १९५४मध्ये रे चार्ल्सनं चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याचा साचा घेतला आणि त्यात देवाच्या जागी एक बाई आणून बसवली. 'आय गॉट अ वूमन'. त्यातून जे निघालं त्याला पुढे सोल म्हणाले. सॅम कुक गॉस्पेलचा राजा होता, १९५७मध्ये 'यू सेंड मी' गाऊन तो लौकिक गाण्याकडे वळला आणि चर्चमधली बरीच माणसं दुखावली. अरीथा फ्रँकलिन तर डेट्रॉइटच्या धर्मोपदेशकाची मुलगी. १९६७ला 'रिस्पेक्ट' गाऊन ती सोलची राणी झाली, आणि मग जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री बसून तिनं पुन्हा गॉस्पेल गायलं. तो 'अमेझिंग ग्रेस' अल्बम तिच्या आयुष्यातला सर्वांत जास्त खपलेला अल्बम ठरला.

तिकडे भांडण असं होतं: देवाचा आवाज तू बाजारात का नेलास? आपल्याकडे भांडण उलटं: चळवळीचा आवाज तू देवळात का नेलास? दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच. आवाज कोणाच्या मालकीचा? गाणाऱ्याच्या, की ज्या माणसांत तो घडला त्यांच्या?

आणि हा संबंध मी ओढूनताणून लावत नाहीये बरं का. १९४६मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला होता. (तेव्हाचा शब्द तो होता.) आणि अरीथानं चर्चमध्ये रेकॉर्डिंग केलं त्याच वर्षी, १९७२ला, मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव कुठून घेतलं ते सांगायला नकोच.

ग्रेटेस्ट हिट्स नावाची भानगड

'ग्रेटेस्ट हिट्स' हा प्रकार रुळला तो १९५८च्या 'जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स'पासून असं साधारणपणे मानतात. जॉनी मॅथिस ह्या गायकाची जुनी सिंगल्स एका एलपीत भरली आणि ती बिलबोर्डच्या यादीत नऊ वर्षांहून जास्त टिकली. कंपन्यांना कळलं की नवीन काही न करता जुनाच माल नव्या खोक्यात विकता येतो.

पण खोक्यात काय घालायचं आणि काय नाही, हे कोणीतरी ठरवतं. आम्ही लोक ह्याला क्वेरी म्हणतो. तुम्ही ज्या अटी घालाल तसं उत्तर येतं. आणि उत्तर खोटं नसतं, हीच गंमत. फक्त अपुरं असतं.

आपल्याकडे बराच काळ अटी घालणारी एकच मोठी कंपनी होती, एचएमव्ही. तबकडी छापायला कारखाना लागतो, भांडवल लागतं. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि चित्र पालटलं. टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्या आल्या, त्यांच्या मागून गल्लीबोळातल्या छोट्या कंपन्या. एका तालुक्यापुरती, एका समाजापुरती, एका जत्रेपुरती कॅसेट काढणंही परवडायला लागलं. पीटर मॅन्युएल ह्या संशोधकाचं १९९३चं 'कॅसेट कल्चर' हे पुस्तक ह्याच उलथापालथीवर आहे. भीमगीतं, जत्रेतली गाणी, लोकगीतं, कव्वाल्यांचे मुकाबले, सगळं घरोघरी पोचलं. प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव आनंद शिंदे 'नवीन पोपट'मुळे घराघरात गेले ते ह्याच लाटेत.

पण कॅसेटनं एक फाळणीही केली. देवळाबाहेरच्या टपरीवर प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, आणि दीक्षाभूमीबाहेरच्या टपरीवर त्यांचीच भीमगीतं. एकच गळा, दोन वेगळी दुकानं. एका दुकानाचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही.

च्यायला, आणि ही फाळणी कॅसेटबरोबर संपली असती तरी चाललं असतं! त्या रात्री मी जालावर गाणी शोधत होतो. तूनळीवर एक विठ्ठलाचं गाणं लावलं तर पुढची वीस गाणी विठ्ठल, गणपती, अंबाबाई. एकही भीमगीत नाही. मग भीमगीत लावलं, तर पुढची वीस वामनदादा, विठ्ठल उमप, आनंद शिंदे... एकही पंढरी नाही. यंत्राला जात कळत नाही असं आपण म्हणतो. पण माणसं जशी ऐकतात तसंच यंत्र शिकतं. आपण इतकी वर्षं जे वेगवेगळ्या मांडवांत बसून ऐकलं, त्याचाच तो विदा.

माझ्या पुण्याच्या सोसायटीत दर गणपतीला 'तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता' वाजतं. एकदा मी सहज म्हटलं, हे गाणारे आणि लिहिणारे दोघंही आंबेडकरी बरं का. शेजारी हसले. त्यांना वाटलं मी फिरकी घेतोय. ते लिहिणारे हरेंद्र जाधव २०२२ साली गेले, तेव्हाच्या बातम्यांत 'तूच सुखकर्ता' आणि 'पाहा पाहा मंजुळा हा माझ्या भीमरायाचा मळा' ही दोन्ही गाणी शेजारी शेजारी छापून आली. हयातभर ती वेगळ्या मांडवांत होती, मृत्युलेखात एकत्र आली.

पंढरीची वाट

आता मूळ प्रश्न. आजीच्या पुण्यानुमोदनाला 'पाऊले चालती' वाजवायचं की नाही?

रात्री मी मोठेबाबांशी वाद घातला. माझ्याकडे मुद्दे भरपूर होते, सगळे खरे.

एक. प्रल्हाद शिंदे जन्मले तेव्हा, १९३३ला, पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना बंद होतं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. म्हणजे हा पोरगा चौदा वर्षांचा होईपर्यंत ज्या देवळात शिरू शकत नव्हता, त्या देवळाच्या वाटेचं गाणं आज त्याच्या आवाजाशिवाय पुरं होत नाही. हा केवढा मोठा विजय!

दोन. मंगळवेढा हे चोखोबांचं गाव. तिथे गावकुसाचं बांधकाम करताना भिंत पडून ते गेले, परंपरा साल सांगते १३३८. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, पण देवळाच्या बाहेर, पायरीपाशी. त्याच मंगळवेढ्याच्या एका दलित घरातला गळा सहाशे वर्षांनी भोंग्यावरून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचला.

तीन. खुद्द बाबासाहेबांनी १९४८चं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक ज्या तीन संतांना अर्पण केलं त्यात चोखामेळा आहेत. आणि २५ डिसेंबर १९५४ला देहूरोडला बुद्धमूर्तीच्या कार्यक्रमात ते म्हणाले होते की पंढरपूरचा विठोबा ही मुळात बुद्धाचीच मूर्ती आहे आणि त्यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत. इतिहासकार मानोत न मानोत, पण त्यांच्या मनात पंढरपूर म्हणजे नुसती काट मारायची जागा नव्हती.

मी जरा जिंकल्यासारखा थांबलो. मोठेबाबा बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "रमाईचं माहीत आहे का तुले?"

माहीत होतं. कुणाला माहीत नाही? रमाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. बाबासाहेबांनी नाही म्हटलं. जिथे लांबून दर्शन घ्यावं लागतं ते कसलं पंढरपूर, आपण आपलं दुसरं पंढरपूर उभं करू, अशा अर्थाचं ते बोलले होते. १९३५च्या मे महिन्यात रमाई गेल्या. पंढरपूर राहूनच गेलं.

"मंग?" मोठेबाबा म्हणाले. "तू इतिहास सांगून रायला बाबू, मी घर सांगतो. बाबांनी देव नदीत सोडले ना, त्याच्यानंतर दोन-तीन वर्सं लोकायनं त्यायले कामाले बोलावलं नाही. आम्ही अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले. तेव्हा कोनी विठ्ठल नाही आला. तुले हे गाणं गोड वाटते कारण तू त्याची किंमत नाही देली. उद्या अख्खी वस्ती येईल. भोंग्यावर पंढरी लावली तं लोक म्हनतील, म्हाताऱ्याचं काहीच नाही उरलं."

मी गप्प बसलो. ह्यावर काय बोलणार?

विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. मी प्रल्हाद शिंदेंच्या बाजूनं वाद घालतोय असं मला वाटत होतं, पण मोठेबाबा त्यांच्या विरुद्ध एक शब्दही बोलले नव्हते. वस्तीतल्या कोणीच त्यांना कधी बोल लावल्याचं मी ऐकलं नाही. गाणं हा त्या माणसाचा कामधंदा होता. गवंडी देऊळही बांधतो आणि विहारही. प्रतिज्ञा मानण्याबद्दल आणि पूजण्याबद्दल आहेत, गळ्याच्या कामाबद्दल नाहीत, असा हिशेब लोकांनी न बोलता केला असावा. मोठेबाबांचा आक्षेप गायकाला नव्हता, भोंग्याला होता. जाहीरपणे काय वाजवायचं, ह्याला होता.

आणि आजीनंही तोच नियम पाळला होता की. तिनं साईड बी कधीच मोठ्यानं लावली नाही.

बारा गाणी

दुसऱ्या दिवशी मांडवात त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजींचं प्रवचन झालं, आणि मग माझा पेनड्राइव्ह लागला. बाराच्या बारा भीमगीतं आणि बुद्धगीतं. प्रल्हाद शिंदे तोच उघडा गळा लावून गात होते. जेवणाच्या पंगतीतल्या म्हाताऱ्या बायका प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांच्याआधी सूर लावत होत्या. एकही गाणं कमी पडलं नाही, एकही जास्त झालं नाही. मोठेबाबांचं बरोबर होतं.

संध्याकाळी मांडव उतरला, पाहुणे गेले. मागच्या अंगणात आत्या भांडी घासत होती. मला म्हणाली, "बुढीचं ते दुसरं वालं आहे का रे तुयाकडे?" होतं. दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं, न विचारता. मोबाइल दगडावर ठेवला आणि लावलं. पाऊले चालती.

मोठेबाबा बाजेवर पडले होते. उठून बसले. मला वाटलं, आता झालं. ते म्हणाले, "आवाज थोडा कमी कर." आणि परत आडवे झाले. मी कमी केला. आजी ठेवायची तेवढा.

असो.

वामनदादा कर्डक गेले १५ मे २००४ला. प्रल्हाद शिंदे गेले २३ जून २००४ला. मध्ये जेमतेम चाळीस दिवस. एका उन्हाळ्यात आपला एक मोठा कवी आणि एक मोठा गळा गेला. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१०ला नागपुरात, कार्यक्रम चालू असताना रंगमंचावरच कोसळले. तिघांना मिळून जेवढे श्रोते लाभले तेवढे क्वचितच कोणाला लाभले असतील, आणि तरी त्यांच्या गाण्यांची तारीखवार यादी मला कुठे मिळाली नाही. कोणतं गाणं कधी रेकॉर्ड झालं, ढोलकी कोणी वाजवली, कोरसमध्ये कोण होतं... अरीथाच्या त्या दोन रात्रींमध्ये कोण कुठे बसलं होतं तेही सापडतं. तिकडे कंपन्यांनी टिपून ठेवलं, संग्रहालयांनी जपलं. आपल्याकडे ते आज्यांच्या पेट्यांच्या तळाशी आहे आणि टेप दरवर्षी थोडी थोडी झडतेय.

शिंदेंचा नातू आदर्श. २०१३च्या 'दुनियादारी'तलं 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' तुम्ही कॉलेजात ऐकलं असेल. त्यात त्याचा आवाज आहे. पुन्हा गाभारा, पुन्हा त्याच घरचा गळा. आणि हाच आदर्श एप्रिलमध्ये जयंतीच्या मांडवात भीमगीतं गातो. आजोबांसारखाच, दोन्ही दुकानांत.

ती कॅसेट मी पुण्याला आणली. एका मित्राच्या जुन्या डेकवर डिजिटल करून घेतली, खरखरीसकट. साईड बीच्या शेवटी सहावं गाणं मध्येच तुटतं आणि त्यानंतर तीन-चार सेकंद काहीतरी वेगळंच ऐकू येतं. बहुतेक दुकानदाराचं आधीचं रेकॉर्डिंग. फाइलचं नाव देताना थोडा अडलो. शेवटी एकच फोल्डर केला, 'प्रल्हाद शिंदे'. आत दोन्ही बाजू, ज्या क्रमानं होत्या त्या क्रमानं. माझ्यापुरती त्यांची ग्रेटेस्ट हिट्स हीच.

ह्या वीकांताला तुम्हीही घरी गेलात तर माळ्यावर बघा. साठची, नव्वदची, जी मिळेल ती. कव्हरवर लिहिलेली बाजू सोडा. कोरी बाजू लावून ऐका, आणि कोण ऐकायचं ते घरच्यांना विचारा. अजून सांगणारं कोणी आहे तोवर.